बाबासाठी व्हेप नेऊ नकोस

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज काल रात्री वाचला. "काका, दिवाळीला घरी जाताना बाबासाठी व्हेप घेऊन जाणार आहे. तुमची सिगारेट त्यावरच सुटली ना? मग कुठलं घेऊ?" आणि त्याखाली, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: "मी पण ओढते कधीकधी, पण ते मँगो वगैरे. सिगारेट नाही हं." फोनवर दोन मिनिटांत उत्तर देता आलं असतं. पण या बाबतीत मी तुझ्या बाबाचं देणं लागतो, म्हणून बसून लिहितोय.

१९८५ साली सांगलीत, हॉस्टेलसमोरच्या टपरीवर, त्याच्या हातात पहिली सिगारेट मी दिली. पैसे बेताचे, त्यामुळे एकच सुट्टी घ्यायची आणि दोघांत अर्धी-अर्धी. पहिल्याच झुरक्याला त्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ती मला परत दिली. मी म्हटलं, "होतं रे सुरुवातीला, ओढ." त्याने ओढली. पुढे मी इकडे इंग्लंडला, लेस्टरला आलो, तो सांगलीतच राहिला, आणि दोन देशांत दोघं रोज एकेक पाकीट संपवत राहिलो. माझी बावन्नाव्या वर्षी सुटली. त्याची अजून सुटलेली नाही. आता तू यात लक्ष घालते आहेस हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. पण व्हेप, म्हणजे ती ई-सिगारेट, नेऊ नकोस. का, ते सांगतो. त्याआधी माझं थोडं ऐक.

पहिलं व्हेप मी २०१७ मध्ये घेतलं. दुकानातल्या मुलाने एक मोठं यंत्र आणि तीन मिलिग्रॅमचं, म्हणजे मिलिलिटरला तीन मिलिग्रॅम निकोटिन असलेलं, लिक्विड दिलं. आत कॉइल असते, म्हणजे तारेची बारीक गुंडाळी आणि तिला लागून कापूस. लिक्विड भरल्यावर तो कापूस भिजायला पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात. हे मला कुणी सांगितलं नाही. गाडीत बसूनच भरलं, बटण दाबलं आणि सिगारेट ओढतो तसं जोरात ओढलं. कापूस करपला. जळक्या पोत्यासारखी चव घशात बसली ती संध्याकाळपर्यंत गेली नाही. आणि दिवसाला वीस ओढणाऱ्याला तीन मिलिग्रॅम म्हणजे उपाशी माणसाच्या हातावर चार चुरमुरे. तलफ काही भागेना.

मग मी ती चूक केली जी बहुतेक जण करतात. दोन्ही ठेवलं. घरात आणि कामावर व्हेप, मागच्या अंगणात सिगारेट. वीसवरून सहावर आलो आणि वर्षभर त्यातच समाधान मानलं. काकूने माझं सिगारेटचं जाकीट घरात घ्यायला बंदी केली होती. ते मागच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं असायचं. पाऊस असो, बर्फ असो, ते चढवून मी अंगणात उभा राहायचो. सहा वेळा.

२०१८ मध्ये एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, धूम्रपान सोडवणाऱ्या केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी हातात एक छोटं यंत्र दिलं. पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि मग नळीत सावकाश सोडायचा. ते श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं. आकडा दहाच्या वर गेला की माणूस ओढणारा. मी आधीच सांगून ठेवलं होतं की मी आता फक्त सहा ओढतो. आकडा आला १७.

तुला माहीत आहे, मी आयुष्यभर कारखान्यात बॉयलर सांभाळले. चिमणीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजणं हे माझं रोजचं काम. आकडा वाढला की समजायचं, आत जळण नीट जळत नाहीये. मग हवा वाढवायची, बर्नर साफ करायचा. दुसऱ्याच्या चिमणीत हा वायू शोधत मी तीस वर्षं काढली आणि स्वतःच्या छातीत तो कधी मोजला नव्हता. त्या खुर्चीत बसून मला कळलं की सहा सिगारेटी मी वीसच्या भुकेने ओढत होतो, पार फिल्टरपर्यंत. शरीराने आपला हिशेब पुरा करून घेतला होता.

त्या बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली, ती तुझ्या बाबालाही सांग. दिवसाला एकच सिगारेट ओढली तरी हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा राहतो. विसाव्या हिश्शाने कमी होत नाही. कमी करण्यात फार काही पदरात पडत नाही. शेवटची सुटते तेव्हाच खरा फायदा सुरू होतो.

मग त्यांनी नीट शिकवलं. लहान पॉडचं (लिक्विड भरायच्या छोट्या डबीचं) यंत्र, १८ मिलिग्रॅमचं लिक्विड, आणि झुरका हळू, तीन-चार सेकंदांचा, तोंडात घेऊन मग आत. सिगारेटसारखं ओढलं की खोकला येणारच. एक तारीख ठरवली. त्या तारखेनंतर तलफ आली तर व्हेप कितीही ओढा, पण सिगारेट एकसुद्धा नाही. पहिले दहा दिवस वाईट गेले. व्हेपमधलं निकोटिन सिगारेटइतक्या झटकन डोक्यात पोचत नाही, त्यामुळे काहीतरी राहिलं-राहिलंसं वाटत राहतं. चौथ्या आठवड्यात परत नळीत फुंकलं. आकडा २. त्याच सुमारास एकदा जिना उतरताना मला स्वयंपाकघरातून फोडणी ऐकू यायच्या आधी तिचा वास आला. हिंग वेगळा, कढीपत्ता वेगळा. मी पायरीवरच बसलो. इतकी वर्षं मी काकूच्या हातचं जेवलो होतो आणि अर्धंच जेवलो होतो.

हे सगळं का होतं ते सोपं आहे. मायकेल रसेल नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १९७६ मध्येच लिहिलं होतं की लोक ओढतात निकोटिनसाठी आणि मरतात टारमुळे, म्हणजे धुरातल्या चिकट डांबरामुळे. झुरका घेताना सिगारेटचं टोक नऊशे अंशांच्या आसपास तापतं. पान जळतं, टार तयार होतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. व्हेपमध्ये जळत काही नाही, द्रव तापून त्याची वाफ होते. ती स्वच्छ हवा नव्हेच. तिच्यात निकोटिन असतं, स्वादाची रसायनं असतात, आणि चाळीस वर्षं ती आत घेतलेला माणूस अजून जगात नाही, कारण ही वस्तूच २००३ च्या सुमाराची. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने ती काढली. तो स्वतः ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. धुरात उभ्या असलेल्या माणसासाठी केलेली वस्तू आहे ती. म्हणूनच इथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलं की ओढणाऱ्यांना तिच्याकडे वळवा.

आता तुझी ती दुसरी ओळ.

तू त्या धुरात उभी नाहीस. कधीच नव्हतीस. माझ्यासाठी व्हेप म्हणजे उतरायचा जिना होता, तू त्याच जिन्याने वर चढते आहेस. तुला वाटेल, काका उगाच घाबरवतायत. मी हे घाबरवायला लिहीत नाही, मला ती वस्तू आतून माहीत आहे म्हणून लिहितोय. सिगारेट दहा-बारा झुरक्यांत संपते. थोटूक हातात उरतं, ते विझवावं लागतं, दुसरी पेटवायची की नाही हे ठरवावं लागतं. व्हेपला थोटूकच नाही. इथल्या नियमाप्रमाणे पॉडमध्ये जास्तीत जास्त दोन मिलिलिटर लिक्विड आणि मिलिलिटरला वीस मिलिग्रॅम, म्हणजे भरलेल्या पॉडमध्ये चाळीस मिलिग्रॅम निकोटिन. ते संपेपर्यंत थांबायची जागा कुठेच येत नाही. मी पलंगावर पडून, दात घासताना, दूध ऊतू जाऊ नये म्हणून उभा असताना ओढायचो. सिगारेट असं कधी करू देत नव्हती.

इथे २०१९ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सिगारेट सोडू पाहणारे ८८६ लोक. निम्म्यांना व्हेप दिलं, निम्म्यांना निकोटिनचा पॅच (त्वचेवर लावायची पट्टी), गम वगैरे. वर्षाने व्हेपवाल्यांतले शंभरी १८ सुटलेले होते, दुसऱ्या गटातले सुमारे १०. व्हेपचा फायदा उघड दिसतो. पण त्याच चाचणीत असंही दिसलं की व्हेपने सुटलेल्यांपैकी शंभरी ८० जण वर्षाने व्हेप ओढतच होते. पॅच-गमने सुटलेल्यांत हा आकडा ९. मी त्या ऐंशींतला. लिक्विड अठरा मिलिग्रॅमवरून बारा, बारावरून सहा, मग तीन, मग शून्य, असं उतरायला मला अडीच वर्षं लागली. शेवटी नियम केला की ओढायचं तर ते शेडमधलं जाकीट घालून अंगणातच. जाकीट चढवायचा कंटाळा यायला लागला तेव्हा कुठे सुटलं. हे सगळं दिवसाला वीस ओढणाऱ्या माणसाने सहन करण्यात अर्थ होता, कारण पलीकडे त्याचा जीव होता. तू चोवीस वर्षांची आहेस. तुला यातून मिळवायचं काय आहे? मँगो हवा असेल तर मी हापूसची पेटी आणतो.

एक करून बघ. उद्या सकाळी उठल्यावर किती वेळाने हात त्याच्याकडे जातो ते घड्याळात बघ. अर्ध्या तासाच्या आत जात असेल तर "कधीकधी" हा शब्द खोडून टाक आणि मला फोन कर. रागावणार नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तुला विचारतोय.

आता बाबा. भारतात २०१९ च्या सप्टेंबरपासून ई-सिगारेटवर बंदी आहे. आधी वटहुकूम निघाला, त्याच वर्षी कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, जाहिरात, साठवण, सगळं बंद. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. विमानतळावर तुझ्या बॅगेत ते सापडायला नको. आणि समजा नेलंस, तर पॉड संपल्यावर काय? तो चोरून मिळणारं लिक्विड शोधायला लागेल. २०१९ मध्येच अमेरिकेत असल्या बेभरवशाच्या, बहुतांशी गांजाच्या अर्काच्या लिक्विडने हजारो लोकांची फुप्फुसं बिघडली, साठाहून जास्त दगावले. लिक्विड मिळालं नाही तर तो करील दोन्ही, मी वर्षभर केलं तसं. नको.

त्याच्यासाठी तिथेच सोय आहे. त्याच्या खिशातल्या पाकिटावरच नंबर छापलेला असतो: १८००-११-२३५६. फुकट आहे, मराठीत बोलतात. निकोटिनचा दोन मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. पॅच आणि गम एकत्र वापरले तर एकट्याने वापरण्यापेक्षा जास्त लोकांची सुटते. प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच. गम च्युइंगगमसारखा चघळत बसायचा नाही, हे त्याला तूच दाखव. तिखटसर चव येईपर्यंत हळू चावायचा, मग गालात धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा. आधी पंधरा मिनिटं चहा नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

चहावरून आठवलं, हे कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर निकाली काढत असतं. धूर थांबला की तो वेग निम्म्यावर येतो. तोच पाच कपांचा चहा मग अंगावर येतो: धडधड, चिडचिड, झोप नाही. माणसाला वाटतं, सिगारेट सोडल्यामुळे होतंय, आणि तो परत पेटवतो. पहिल्याच दिवसापासून त्याचे कप अर्धे कर. आणि दम्यासाठी थिओफिलिन असलेली गोळी चालू असेल तर सिगारेट सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगायला हवं, कारण तिचंही असंच होतं.

तो म्हणेल, "आता साठीला सोडून काय मिळणार?" त्याला सांग, रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून ब्रिटनमधल्या हजारो डॉक्टरांच्या सिगारेटचा आणि आयुष्याचा हिशेब ठेवला. २००४ मध्ये पन्नास वर्षांचा निकाल आला. ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीला सोडलेल्यांना जवळजवळ सगळी दहा परत मिळाली, पन्नाशीला सोडलेल्यांना सहा, साठीला सोडलेल्यांना तीन. तीन वर्षं. त्यात तुझं लग्न बसतं.

तारीख भाऊबीजेनंतरची ठेवू. फराळ, पाहुणे, दुपारचे पत्ते होऊन जाऊ देत. तू तिथे असशील, घरातली माचिस, लायटर, ॲशट्रे आदल्या रात्री तूच काढ. त्याची पहिली सिगारेट सकाळी साडेसहाला, पेपर यायच्या आधी, गॅलरीत असते. वहिनींनी सांगितलंय मला. तेव्हा इथे रात्रीचा एक वाजलेला असेल. मी जागा राहीन आणि पहिले चौदा दिवस बरोबर साडेसहाला त्याला फोन करीन. त्याला आधी सांगू नकोस. फोन मात्र चार्ज करून गॅलरीतल्या खुर्चीवर ठेव.

तुझा
काका