आधी टेप, मग मोबाइल

ताई, ऑनलाइन कपडे बघायला बसण्याआधी कपाटातला तुम्हाला सगळ्यात छान बसणारा टॉप काढा. पलंगावर सपाट पसरा आणि टेपने मोजा: खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, काखेखाली आडवं (त्याची दुप्पट म्हणजे छातीचा घेर), बाही आणि उंची. आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. एम, एल, एक्सएल या अक्षरांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा एल वेगळा असतो. कपड्याखाली दिलेल्या मापांच्या तक्त्याशी आपले आकडे ताडा, आणि ती मापं अंगाची आहेत की कपड्याची, तेही बघा. मी सुरुवातीला तिथेच फसत होते.

खांद्याबाबत मात्र तडजोड नको. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर आली की सगळा कपडा अंगावर नीट पडतो, मग पोट सुटलेलं असलं तरी छान दिसतं. बाजूची शिवण आत घेता येते, खांदा सुधारणं फार कटकटीचं.

रेयॉनचं कापड सुंदर पडतं, पण धुतल्यावर आटतं, म्हणून उंची थोडी जास्त धरा. रंगासाठी मॉडेलपेक्षा ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा. स्वस्त आहे म्हणून एकदम चार घेऊ नका, आधी एकच मागवा. आणि घालून, हात वर करून, खाली बसून बघेपर्यंत टॅग कापू नका.