संगीतातला 'जीनियस' नेमका कोणाला म्हणायचं?

प्रश्न असा आहे की, उत्तम वादक-गायक तर खूप असतात, मग जीनियस कोणाला म्हणावं?

माझ्या मते वेग, तयारी, तीन सप्तकांत फिरणारा गळा हे सगळं रियाजानं येतं. त्याचा आदर आहेच, पण तेवढ्यावर हा शब्द वापरू नये. ज्याच्यानंतर बाकीच्यांचं ऐकणंच बदलतं, तो जीनियस.

जर्मन संगीतकार बीथोव्हनची पाचवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, घ्या, 1808 सालची. सुरुवातीला चारच स्वर: तीन आखूड, एकाच उंचीचे, आणि चौथा खाली उतरून लांबलेला. कोणीही पेटीवर वाजवू शकेल इतके सोपे. पण त्या एवढ्याशा तुकड्यातून तो अख्खा पहिला भाग उभा करतो. कधी तो तुकडा तळाशी धुमसतो, कधी एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातो, पण सुटत मात्र नाही. आणि तेव्हा त्याला नीट ऐकूही येत नव्हतं!

कुमार गंधर्वांचंही तसंच. क्षयरोगानं कित्येक वर्षं गाणं बंद होतं. परतले तेव्हा दमसासाची मर्यादा होती, पण छोट्या, धारदार स्वराकृतींतून त्यांनी आपली गायकीच नव्यानं घडवली. मधल्या शांततेलाही अर्थ आला. मला तर तिथंच भरून येतं.

लहान वयात थक्क करणारं वाजवणं ही वेगळी गोष्ट. अशी बरीच मुलं पुढे चांगले कलाकार होतात, पण स्वतःची भाषा फार थोड्यांना सापडते.