बाटलीतला चिरलेला लसूण वापरला तर चालतो का? फायदे-तोटे काय?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरी करता, सकाळी सातच्या आत डबे भरायचे असतात आणि लसूण सोलण्यातच वेळ जातो, म्हणून सुपरमार्केटमध्ये मिळतो तो बाटलीतला चिरलेला लसूण आणावा का. मी दीडेक वर्ष वापरलाय. आणा, पण फोडणीसाठी आणू नका.

पहिल्यांदा आणला तेव्हा शेपूची भाजी करत होते. आमच्याकडे शेपूला आठ-दहा पाकळ्या तरी लागतात, ठेचून तेलात कडा तांबूस होईपर्यंत परतायच्या आणि मग भिजवलेली मूगडाळ आणि शेपू. त्या दिवशी बाटलीतला दोन चमचे घातला तर तेल इतकं उडालं की मनगटावर चटका बसला, आणि लसूण काही तांबूस होईना, आधी त्यातलं पाणी आटत बसलं आणि मग तुकडे पांढरटच राहून कढईच्या तळाला चिकटले. लसणाच्या फोडणीचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत जातो ना, तो आलाच नाही. आणि मुलाने पहिल्या घासालाच विचारलं, आई यात लिंबू पिळलंयस का?

तो आंबटपणा सायट्रिक ॲसिडचा. बाटलीवर बारीक अक्षरात बघा, ॲसिडिटी रेग्युलेटर ३३० लिहिलेलं असतं बहुतेक. पण ते उगाच घातलेलं नसतं हं. लसूण जमिनीतला, त्याच्याबरोबर बोटुलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे, जंतू येऊ शकतात आणि हवा न मिळणाऱ्या ठिकाणी, म्हणजे तेलात बुडवून बाहेर ठेवलं की ते वाढतात, वास किंवा चव बदलेलच असंही नाही. आंबटपणा पुरेसा असेल, म्हणजे पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली, तर ते वाढत नाहीत. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला एका रेस्टॉरंटमधला तेलातला चिरलेला लसूण फ्रीजबाहेर राहिला होता, ३६ जण आजारी पडले. म्हणून कळकळीने सांगते, घरी लसूण वाटून वर तेल ओतून बरणी ओट्यावर ठेवायची सवय असेल तर ती आजच बंद करा. फ्रीजमध्येसुद्धा तीन-चार दिवसच, त्यापुढे फ्रीजर.

चवीचं म्हणाल तर लसणाचा झणका पाकळी ठेचल्यावर तयार होतो, त्याला ॲलिसिन म्हणतात, आणि तो फार टिकत नाही. बाटलीतला लसूण कधी चिरलाय कोण जाणे, वर गरम केलेला, ॲसिड घातलेला. त्यामुळे ठेचा, वडापावची सुकी चटणी यात तो अजिबात नको, चटणी तर ओलसर होऊन वायाच जाईल.

पण छोले, राजमा, पावभाजी, चिकनला मसाला लावून ठेवणं, जिथे बाकीचे मसाले पुढे असतात आणि ग्रेव्ही भरपूर शिजते तिथे खरंच काही अडत नाही. मीठ मात्र बेताने, बाटलीत आधीच असतं. आणि अजून एक, माझ्या सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे, थंडीत तर त्यांना पाकळीचं साल नखाने पकडता येत नाही. आम्ही बाहेर असलो की त्या बाटली उघडून स्वतःची उसळ स्वतः करतात, कुणाची वाट बघत बसावी लागत नाही. त्यामुळे बाटली वापरणं म्हणजे आळस असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

आता मी काय करते, रविवारी पाव किलो लसूण मोकळा करून पंधरा मिनिटं कोमट पाण्यात टाकते, टीव्ही बघता बघता सालं सुटतात. निम्म्या पाकळ्या कोरड्या पुसून डब्यात पेपर नॅपकिन घालून फ्रीजमध्ये, त्या आठवडाभर फोडणीला. उरलेल्या थोडं मीठ घालून वाटायच्या, बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला लावायच्या आणि गोठल्या की पिशवीत काढायच्या, रश्श्याला एक क्यूब पुरते. कधी पेस्ट हिरवट-निळसर दिसली तर घाबरू नका, लसणाचा रंग तसा बदलतो, खायला चालते.

तरीही बाटली आणायचीच असेल तर सगळ्यात लहान आणा, उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि चमचा कोरडा घाला. आणि आधी छोल्यात घालून बघा, वरणाच्या फोडणीत नको.