कॉम्प्युटरवरच्या फायलींसाठी फोल्डर नेमके कसे करावेत?

डेस्कटॉप आणि डाउनलोड्स फायलींनी भरून गेलेत, दोनदा फोल्डर करून पाहिले तरी महिन्याभरात पुन्हा तोच पसारा, मग चुकतंय कुठे, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते फोल्डर कशावरून पाडलेत, तिथेच गोम आहे.

बहुतेक जण फाइलच्या प्रकारावरून सुरुवात करतात: वर्ड, पीडीएफ, एक्सेल, फोटो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. मग आईच्या आजारपणानंतर विम्याचा दावा भरायची वेळ आली. पॉलिसी 'पीडीएफ'मध्ये, पावत्यांचे फोटो 'फोटो'मध्ये, अर्ज 'वर्ड'मध्ये, खर्चाचा हिशेब 'एक्सेल'मध्ये. सगळीकडून गोळा करता करता एक पावती राहिलीच आणि दावा परत आला. त्या रात्री मी 'आई – विमा' नावाचा एकच फोल्डर केला आणि सगळं त्यात आणलं. तेव्हापासून ही पद्धत सोडलेली नाही.

फाइल कुठल्या प्रकारची आहे हे कॉम्प्युटरला आधीच माहीत असतं. 'टाइप'च्या रकान्यावर क्लिक केलं की तो स्वतःच तसं लावून देतो. ती कुठल्या कामाची आहे हे मात्र फक्त तुम्हालाच ठाऊक असतं, आणि फोल्डरने नेमकं तेच सांगायला हवं. घर, नोकरी, पैसे, तब्येत, फोटो असे वरच्या पातळीवर सहा-सात फोल्डर पुरतात. त्यांच्या आत कामागणिक एक. त्याहून खोल जायची गरज मला क्वचितच पडते.

खोल जाण्यात एक तांत्रिक अडचणही आहे. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतच्या सगळ्या साखळीला, मुळात २६० अक्षरांची मर्यादा आहे. नव्या आवृत्त्यांत ती उठवता येते, पण सगळेच प्रोग्राम ते मानत नाहीत. नावं मराठीत देत असाल तर काना, मात्रा, वेलांटीही वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते, हे लक्षात ठेवा. मराठी नावं जरूर द्या, मीही देतो, फक्त आटोपशीर ठेवा.

नावात तारीख घालायची असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: '२०२४-०३-१५ वीजबिल'. अशा फायली नावानुसार लावल्या की आपोआप तारखेनुसारच लागतात. दिवस आधी लिहिलात तर १ जानेवारी आणि १ डिसेंबर शेजारी येऊन बसतात. तारखेत तिरकी रेघ वापरू नका, विंडोज ती नावात घेतच नाही. आणि 'फायनल', 'फायनल-२', 'फायनल नवीन' ही नावं आजपासून बंद करा. त्यातली खरी शेवटची कोणती, हे चार दिवसांनी तुम्हालाही सांगता येणार नाही.

आता आधीचा ढीग. तो निवडत बसू नका, लोक तिथेच दमतात आणि सगळंच सोडून देतात. 'जुनं' नावाचा एक फोल्डर करा (विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-एन, मॅकवर कमांड-शिफ्ट-एन) आणि डेस्कटॉप व डाउनलोड्समधल्या तुमच्या फायली जशाच्या तशा त्यात हलवा. पुढे एखादी लागली की शोधून काढायची आणि तेव्हाच तिच्या कामाच्या फोल्डरमध्ये टाकायची. विंडोजचे आणि प्रोग्रामचे स्वतःचे फोल्डर मात्र जागचे हलवू नका.

हलवताना एक काळजी घ्या. माउसने ओढलेली फाइल त्याच ड्राइव्हवर असेल तर हलते, पण दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली तर विंडोज तिची नक्कल करतो आणि मूळ फाइल जागीच राहते. मग एकाच हिशेबाच्या दोन प्रती होतात आणि बदल भलत्याच प्रतीत केले जातात. दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचं असेल तर शिफ्ट दाबून ओढा, म्हणजे फाइल खरंच हलते.

डाउनलोड्सला मी आवक टपालाची पेटी समजतो. दर रविवारी ती रिकामी करायची: कामाचं असेल ते त्या-त्या फोल्डरमध्ये, बाकीचं डिलीट. मला दहा-पंधरा मिनिटं लागतात. एखादी फाइल दोन कामांना लागत असेल तर एकाच जागी ठेवून दुसरीकडे तिचा शॉर्टकट करतो. माझ्या पगाराच्या स्लिपा अशाच 'नोकरी'त आहेत आणि 'पैसे'मधल्या कराच्या फोल्डरमध्ये त्यांचे शॉर्टकट.