पालखी दारावरून पुढे गेली

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही मूळचे रायगड जिल्ह्यातले, आता डोंबिवलीत असतो. दोन वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात बाबांनी गावकीचा निवाडा मानला नाही आणि सरळ तहसीलदारांकडे गेले, तेव्हापासून आमचं घर वाळीत आहे. शिमग्याची पालखी आमच्या दारावरून पुढे जाते, थांबत नाही. गणपतीत आरतीला घरचेच पाचजण, टाळ वाजवायलाही माणूस नाही. गावाच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मलाही काढलं, कारण विचारलं तर सगळे गप्प. माझा मोठा भाऊ कंपनीत मॅनेजर आहे, हाताखाली साठ-सत्तर माणसं. यंदा तो गावी गेला आणि पंचांपुढे जमिनीवर बसून हात जोडून आला, दंड भरतो म्हणाला. मला तर बघवलंच नाही. एवढा शिकलेला माणूस असा का वाकतो? आणि याविरुद्ध कायदा आहे म्हणतात, तो खरंच आहे का?
– एक चाकरमानी

उत्तर : दादा, आधी भावावरचा राग जरा बाजूला ठेवा. त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी माणसं इथे वाकलीत. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही बडी मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं समोर आली, कुणी घेतली, कुणी नुसती हातात धरली, पण गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान, भारी खोडकर माणूस) सगळ्यांची नावं पेपरात छापून टाकली. झालं, ग्रामण्य (म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद) उभं राहिलं! त्यात टिळक होते, रानडे होते. रानडे म्हणजे न्यायाधीश, सुधारकांचे पुढारी, आणि शेवटी त्यांनीसुद्धा प्रायश्चित्त घेतलं. एका कप चहापायी. तेव्हा शिक्षणाने माणूस वाकायचा थांबतो हे डोक्यातून काढून टाका. तुमचा भाऊ ऑफिसात मॅनेजर असेल, गावात तो अमक्याचा थोरला मुलगा आहे आणि आईच्या शेवटच्या वेळी खांदा द्यायला चार माणसं येतील की नाही हा हिशोब त्याच्या डोक्यात चालू असणार, तो मांडी घालून बसला तो त्या हिशोबापुढे.

आता गावकीकडे बघा. पाच-सात म्हातारे, ना त्यांच्याकडे पोलीस ना तुरुंग. लग्नाची मोठी टोपं, जाजमं, पालखी, भजनाचे टाळ, एवढंच काय ते, आणि तेही सगळ्यांच्या वर्गणीतून घेतलेलं, म्हणजे तुमच्या बाबांचेही त्यात पैसे आहेत. मग शिक्षा देतं कोण? समोरच्या घरातली वहिनी देते, तुमची आई दिसली की अंगणातून आत जाते ना, ती. ती काही वाईट बाई नाही. बोलली तर तिच्या नवऱ्याला दंड बसेल. आणि तिचा नवरा पलीकडच्या घराला घाबरतो, कारण तिथलं कुणीतरी पंचांना जाऊन सांगेल. पंच फक्त एकदा बोलतात, बाकीचं सगळं गाव फुकटात राबवतं. ‘गाव करी ते राव काय करी’ असं आपण कौतुकाने म्हणतो, पण त्याची ही दुसरी बाजू.

१९६१ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. साध्या नोकरदार माणसांना बोलावलं आणि शेजारच्या खोलीतला माणूस चुकला की विजेचा झटका द्यायचा, दर वेळी थोडा जास्त, असं सांगितलं. झटके खोटे होते, ओरडणंही नाटकी, पण हे बटण दाबणाऱ्याला माहीत नव्हतं. प्रयोग चालवणारा, कोट घातलेला एकजण मागून फक्त म्हणायचा, पुढे चालू ठेवा. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. यावर नंतर टीका बरीच झाली, झटके खोटे असल्याचा काहींना संशय आला होता वगैरे. पण मला त्याच प्रयोगाचा दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा वाटतो, लोक तो सांगत नाहीत. त्यात सोबत आणखी दोघे बसवले होते आणि ते मध्येच उठून म्हणाले, आम्ही नाही करणार. तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. कोटवाला तोच होता, बटणंही तीच होती.

म्हणून मी तुम्हाला पंचांशी भांडायला आधी सांगणार नाही. आधी गावात दोन घरं शोधा. असतातच, रात्री मागच्या दाराने येऊन ‘आमचा नाइलाज आहे हो’ म्हणणारी. त्यांना दिवसा पुढच्या दाराने यायला सांगा.

कायदा आहे, आणि चांगला आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये केला, जुलै २०१७ पासून लागू झाला, असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचायत नोंदणी केलेली असो नसो, फरक पडत नाही. घरातलं कुणीही पोलिसांकडे तक्रार करू शकतं. ग्रुपमधून काढल्याचे स्क्रीनशॉट ठेवा, कोण काय बोललं ते तारखेसकट वहीत लिहा. आणि भावाला म्हणावं दंड भरू नकोस, फारच आग्रह झाला तर सही-शिक्क्याची पावती माग. पावती म्हटलं की पंचांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण एक आहे, तक्रार करायची की नाही हे बाबांना ठरवू दे, गावात राहायचंय त्यांना, तुम्ही-आम्ही रविवारी रात्रीच्या गाडीने परत येणार.

प्रश्न : ताई, मागच्या अंकात वाळीत टाकण्याबद्दल वाचलं. मी दुसऱ्या बाजूची आहे. आमच्या वाडीत एका घराशी बोलायचं नाही असं ठरलंय, मीही बोलत नाही. त्या काकूंनी माझ्या बाळंतपणात दोन महिने मला न्हाऊ-माखू घातलं होतं. आता विहिरीवर समोर आल्या की मी कळशी अर्धी भरूनच निघते. काय करू?
– वाडीतली एक सून

उत्तर : उद्या कळशी पूर्ण भरा. तेवढा वेळ तिथे थांबणं होईल, बोलायचं नंतर बघू. घरी सासूबाईंना आधी सांगून ठेवा, चोरून करू नका, चोरून केलं की ते चूक होतं असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. आणि चारजणी असताना जा, एकटीने नाही. त्यातल्या एखादीने तुमच्यासोबत नुसतं ‘काय काकू’ म्हटलं तरी मला कळवा.