उबुंटूवर वाइनमधून फॉरमॅट फॅक्टरी चालवावे का?
झाडीपट्टीतल्या आपल्या गावच्या दंडारीचे, म्हणजे तिथल्या लोकनाट्याचे, चित्रीकरण एमपी४ स्वरूपात आणण्यासाठी फॉरमॅट फॅक्टरी हे व्हिडिओचे स्वरूप बदलणारे विंडोजचे सॉफ्टवेअर उबुंटू या लिनक्स प्रणालीवर वाइनमधून चालवावे का, असे आपण विचारले आहे. १९९३ पासून विकसित होत असलेले वाइन संपूर्ण विंडोज उभे करत नाही, तर प्रोग्रॅमने विंडोजकडे केलेल्या मागण्या लिनक्सला समजतील अशा रूपात बदलून देते. त्यामुळे खिडकी नीट उघडली तरी विंडोजच्याच कोडेकवर (व्हिडिओ आकुंचित करणाऱ्या व उलगडणाऱ्या घटकावर) विसंबलेले रूपांतर मध्येच अडू शकते. हा द्राविडी प्राणायाम टाळावा, कारण हँडब्रेक आणि एफएफएमपेग ही व्हिडिओ रूपांतराची सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालतात. मूळ चित्रीकरण एच.२६४ या व्हिडिओ आकुंचित करण्याच्या पद्धतीमध्येच असेल, तर एफएफएमपेगचा 'कॉपी' पर्याय पुन्हा एन्कोड न करता केवळ वेष्टन, म्हणजे फाइलचे बाहेरचे स्वरूप, बदलतो, आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात हा वाचलेला वेळ थोडा नव्हे.