शंका-समाधान : लाव्हा थांबला, पण पहारा का उठत नाही?

कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट या ब्रिटिश अमलाखालच्या बेटाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न इथे घेतले आहेत. बेट जेमतेम १६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला सुफ्रिएर हिल्स ज्वालामुखी, उत्तरेला वस्ती.

प्रश्न : फेब्रुवारी २०१० नंतर नवा लाव्हा वर आलेला नाही. मग उद्रेक संपला असं जाहीर का करत नाहीत?

कारण हा ज्वालामुखी असा आधीही थांबला होता. १८ जुलै १९९५ ला उद्रेक सुरू झाला. मार्च १९९८ ते नोव्हेंबर १९९९ लाव्हा बंद होता, पुन्हा जुलै २००३ ते ऑगस्ट २००५ बंद होता, आणि दोन्ही वेळा तो परत आला. या वेळची विश्रांती खूपच लांबली आहे हे खरं, पण जीपीएस केंद्रं बेट अजून हळूहळू फुगत असल्याचं दाखवतात आणि विवरातून सल्फर डायऑक्साइड येतोच आहे. खाली शिलारस साचतो आहे, असाच त्याचा सरळ अर्थ.

ही फुगवट मिलिमीटरांत मोजायची असते, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर कोणी विसंबत नाही. हवेतल्या बाष्पामुळे उपग्रहाचा संकेत उशिरा पोचतो, आणि उंचीच्या मोजमापात त्याची चूक आडव्या मोजमापाच्या दुप्पट-तिप्पट होते. त्यामुळे कल पाहायचा तो महिन्यांचा.

प्रश्न : भूकंपमापकावर नेमका कोणता हादरा धोक्याचा?

एकटादुकटा कुठलाच नाही. खडक तडकला की सुरुवात टोकदार असलेला, जलद कंपनांचा हादरा उमटतो. वायू किंवा शिलारस भेगांतून सरकू लागला की साधारण ०.५ ते ५ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला अर्धं ते पाच, अशी संथ कंपनं दिसतात. दोन्हींची सरमिसळ असलेले हादरे एकसारखे, ठरावीक अंतरानं येऊ लागले तर मात्र कान टवकारावेत. १९९७ मध्ये शिखराजवळच्या टिल्टमीटरवर, म्हणजे जमिनीचा तिरपेपणा मोजणाऱ्या यंत्रावर, जमीन काही तासांच्या अंतरानं फुगत-ओसरत होती, आणि असे हादरे फुगण्याच्या वेळी झुंडीनं येत होते. टिल्टमीटरचं एकक मायक्रोरेडियन. एक किलोमीटर लांबीची फळी एका टोकाला एक मिलिमीटर उचलली, तर होईल तेवढा कल. २५ जून १९९७ ला लाव्हाचा घुमट, म्हणजे विवरावर साचलेला घट्ट लाव्हाचा ढीग, ढासळला, धगधगत्या राख-दगडांचे लोट उतरले आणि बंदी असलेल्या भागातली १९ माणसं गेली.

हादऱ्याची जागा काढायला किमान चार भूकंपमापक केंद्रं लागतात, कारण अक्षांश, रेखांश, खोली आणि वेळ अशा चार गोष्टी अज्ञात असतात. बेटावर खरी अडचण इथेच येते: समुद्रात केंद्र उभारणं सोपं नाही, त्यामुळे केंद्रं एका बाजूला गोळा होतात आणि खोलीचा अंदाज सगळ्यात कच्चा निघतो. शिवाय लाटांची संथ थरथर नोंदीत कायम असते. ती गाळल्याशिवाय बारीक हादरे दिसत नाहीत.

प्रश्न : वायू कमी झाला म्हणजे धोका कमी झाला ना?

हा समज घातक आहे. वाट बुजली तरी वायू कमी दिसतो, आणि तेव्हा आत दाब वाढत असतो. भूजलात विरघळूनही सल्फर डायऑक्साइड घटतो. म्हणून वायू घटला की लगेच जमिनीच्या तिरपेपणाची आणि हादऱ्यांची नोंद तपासायची.

मोजायची रीत अशी: हा वायू ३०० ते ३२० नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण शोषतो. स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे किरण मोजणारं यंत्र, एका क्षितिजापासून दुसऱ्यापर्यंत आकाश पाहत जातो, विवरातून वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वायूच्या लोटाच्या आडव्या छेदात किती वायू आहे ते काढतो, आणि त्याला वाऱ्याच्या वेगानं गुणतात. इथले वारे बहुतेक पूर्वेकडून, म्हणून यंत्रं लोटाखाली पश्चिमेला. सगळ्यात मोठी चूक वाऱ्याची असते. खरा वेग सेकंदाला ७ मीटर असताना ५ धरला, तर उत्तर जवळजवळ तीस टक्के कमी येतं. रात्री तर ऊनच नाही, त्यामुळे मोजणीही नाही.

प्रश्न : उद्रेक नसताना लोकांना रोजचा धोका कशाचा?

पावसाचा. उतारावर साचलेली राख मुसळधार पावसात चिखलाचा लोंढा होऊन बेलहॅम खोऱ्यातून उतरते. लोंढ्याची घरघर भूकंपमापकावर जलद कंपनांच्या लांबलचक नोंदीसारखी उमटते, पण तिची वाट पाहत बसू नये. डोंगरावर जोराचा पाऊस दिसला की खोऱ्यातला रस्ता ओलांडायचा नाही, मग आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी.